दोरा कुठे तुटला, ते आधी पाहा

नागपूरच्या महाल भागात माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दिवसातून चार-पाच वेळा तरी एकच तक्रार येते, "भाऊ, दोरा तुटून राहिला." आणि मी दर वेळी एकच विचारतो, कुठे तुटून राहिला? सुईच्या नाकाशी, वर टेन्शनच्या चकत्यांत, की खाली बॉबिनपाशी? फार कमी लोकांना सांगता येतं. दोरा तुटला की माणूस वैतागतो, तुटलेलं टोक ओढून फेकतो, पुन्हा ओवतो, पुन्हा तुटतो, आणि शेवटी मशीन ऑटोत घालून माझ्याकडे येतो.

रविवारी दुकान बंद आणि मी गरी घेऊन पाण्यावर. रामटेकजवळचा खिंडसी, नाहीतर कामठीकडे कन्हान. पंचवीस वर्षं झाली या नादाला. सांगायला लाज वाटते, पण त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही त्या गिऱ्हाइकांसारखाच होतो. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, तुटला की म्हणायचं, "मोठा होता रे!" चहाच्या टपरीवर तो आठ किलोचा व्हायचा, पुढच्या रविवारी दहा किलोचा.

पेंच आणि कोलार जिथे कन्हानला मिळतात, त्या ‘बिना संगम’ नावाच्या जागेच्या अलीकडे एक ढीवर म्हातारे बसायचे. बांबूची काठी आणि तंगूस, तंगूस गुंडाळायची रील वगैरे काही नाही. एकदा माझा तंगूस तुटला आणि मी शिव्या घालत बसलो होतो. ते उठून आले, हात पुढे केला आणि म्हणाले, "दोरा कोठी तुटला ते दाखव पयले." मी टोक केव्हाच फेकून दिलं होतं. "मंग मासा केवढा होता ते कायले सांगून राह्यला बापा?" असं म्हणून परत आपल्या जागेवर जाऊन बसले.

त्या दिवसापासून दुकानातलं एक जुनं बिलबुक मी या कामाला लावलं. तुटलेलं प्रत्येक टोक चार बोटं कापायचं, सेलोटेपने पानावर चिकटवायचं, खाली तारीख, जागा आणि गळापासून किती अंतरावर तुटलं ते लिहायचं. आज त्यात बेचाळीस टोकं आहेत. मासा खरोखरच तंगुसाच्या ताकदीबाहेरचा होता, असं ज्यांच्याबद्दल म्हणता येईल अशी दोन. बाकीच्या चाळीस वेळा चूक आधीच झालेली होती, माशाने फक्त ती दाखवून दिली.

टोक काय सांगतं

टोक डुकराच्या शेपटीसारखं पिळलेलं, वळ्या पडलेलं असेल, तर तंगूस तुटलेलाच नाही. गाठ सरकली आणि सुटली. टोक ब्लेडने कापल्यासारखं सरळ असेल, तर काहीतरी धारदार लागलं: माशाचा दात, शिंपला, तळातली पत्र्याची कड, नाहीतर रॉडवर ज्या कड्यांतून तंगूस जातो त्यांतल्या एखादीची चीर. टोकाच्या आधी वीतभर तंगूस पांढरट आणि खरखरीत झालेला असेल, तर तो दगडावर नाहीतर झाडाच्या बुंध्यावर घासत होता. आणि टोक ओढून बारीक झालेलं, जरा वळलेलं असेल, तर तो ताणानेच तुटला. अशा वेळी बहुतेक ड्रॅग, म्हणजे रीलवरचा ताण ठरवणारी घुंडी, आवळलेला असतो किंवा आपण रील हाताने धरून ठेवलेली असते.

टोकाइतकंच अंतर महत्त्वाचं. गळाशी तुटला तर गाठीवर संशय. गळापासून हात-दीड हातावर तुटला तर घासणं. रॉडच्या टोकाशी तुटला तर कडी तपासा. रीलपाशी तुटला तर तंगूस जुना आहे, किंवा स्पूलवर, म्हणजे रीलच्या ज्या भागावर तंगूस गुंडाळतो तिथे, वेटोळ्यात वेटोळं अडकलंय.

कडीची गोष्ट सांगतोच. एका फेब्रुवारीत खिंडसीला लागोपाठ तीन रविवार माझा तंगूस रॉडच्या टोकाशीच तुटला. तीनदा नवीन तंगूस भरला, दुकानदाराच्या नावाने खडे फोडले. चौथ्या आठवड्यात डोक्यात उजेड पडला. मशीनचा दोरा सारखा तुटत असला की मी सुईच्या खालच्या प्लेटचं भोक बघतो, कारण सुई आपटून तिथे बारीक कुस उठते आणि डोळ्याला दिसत नाही. ती शोधायला मी कापसाचा बोळा फिरवतो, कापूस अडकला की कुस सापडली. तोच बोळा रॉडच्या टोकाच्या कडीतून फिरवला. अडकला. आतल्या सिरॅमिकच्या गोलाला केसाएवढी चीर होती. कडी बदलायला शंभर रुपयेही लागले नाहीत, आणि मी तीन स्पूल तंगूस वाया घालवला होता. आता महिन्यातून एकदा सगळ्या कड्यांतून बोळा फिरतो.

गाठ

माझ्या बिलबुकातली निम्म्याहून जास्त टोकं गाठीची आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

आपण पोत्याला मारतो तशी साधी गाठ तंगुसाची जवळपास निम्मी ताकद खाऊन टाकते. २० पौंडांचा, म्हणजे ९ किलोंचा तंगूस घ्या. वाऱ्यात फेकताना त्याच्या मध्ये एक साधी गाठ नकळत पडली की तो साडेचार-पाच किलोंचा झाला. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी शेवटचा दोन-तीन हात तंगूस चिमटीतून सरकवून बघायचा. बोटाला जाड झालं असेल तर ओठावरून सरकवा, ओठाला बारीक खरखर लगेच कळते. गाठ किंवा खरखर लागली की तेवढा तुकडा कापायचा आणि गळ पुन्हा बांधायचा. कंटाळा येतो. मलाही येतो.

गळ बांधायला मी पालोमर गाठ वापरतो. तंगूस वीतभर दुहेरी करायचा. ते दुहेरी टोक गळाच्या डोळ्यातून काढायचं. त्याच दुहेरी तंगुसाची एक साधी सैल गाठ मारायची, गळ खाली लोंबकळत ठेवून. मग टोकाचा जो फास उरतो त्यातून अख्खा गळ आरपार काढायचा. गाठ पाण्यात बुडवायची, आणि मुख्य तंगूस व शेपटी, म्हणजे त्याचं सुटं टोक, दोन्ही एकत्र धरून हळूहळू ओढायचं. ओढताना तंगूस एकमेकांवर चढू द्यायचा नाही, वेढे शेजारी शेजारी बसले पाहिजेत. शेपटी अगदी मुळाशी कापू नका, दोन-तीन मिलिमीटर ठेवा. ताण आला की गाठ थोडी आवळते आणि तेवढी शेपटी आत जाते. मुळाशी कापली असेल तर गाठच सुटते, आणि मग डुकराची शेपटी.

गाठ ओली का करायची, हे मला माशाने नाही, मशीनने शिकवलं. मोटरवर जाड जीन्स वेगाने शिवली की सुई तापते आणि पॉलिएस्टरचा दोरा सुईच्या नाकात वितळून तुटतो. कोरडी गाठ झटक्यात आवळली की तेच होतं. नायलॉन नायलॉनवर घासतो, तापतो, आणि वरून चकचकीत दिसणारी गाठ आतून भाजलेली असते. ओठात धरून ओली केली तरी चालते, पण मी बुडवतो, कारण हाताला आमिषाच्या ढेपीचा वास असतो.

बांधून झाल्यावर गळ खुंटीला अडकवून जोरात ओढून बघा. तुटायचा तर काठावर तुटू द्या.

तंगूस कोणता आणि किती दिवसांचा

दुकानात तंगूस मिलिमीटरवर मिळतो. रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी ०.४० चा चांगल्या कंपनीचा नायलॉन पुरतो. स्वस्तातल्या रिळांवर जी ताकद छापलेली असते तिच्यावर माझा भरवसा नाही. घरी बादलीत विटा घालून, काट्यावर तोलून मी स्वतः तपासतो.

नायलॉन पाणी पितो. तासभर भिजला की दहाएक टक्के ताकद जाते, म्हणून कोरड्यात मोजलेला आकडा पाण्यात पूर्ण धरायचा नाही. आणि नायलॉन ऊन खातो. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना गाडीच्या डिकीत ठेवलेली रील म्हणजे पापड भाजायला ठेवल्यासारखं. घरात, कपाटात, अंधारात ठेवा. मी दिवाळीनंतर वरचा पन्नास मीटर काढून टाकतो आणि वर्षातून एकदा पूर्ण बदलतो. तंगूस म्हणजे या छंदातली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि लोक नेमकी तिथेच काटकसर करतात. रॉड सहा हजारांचा, त्यावर तीन वर्षांपूर्वीचा तंगूस.

ड्रॅग, म्हणजे आपलं टेन्शन

शिलाई मशीनवर दोऱ्याचा ताण ठरवणारी घुंडी असते. दोन चकत्या, मध्ये दोरा, वरून स्प्रिंग. घुंडी आवळली की चकत्या दोऱ्याला घट्ट धरतात. रीलच्या ड्रॅगमध्ये दोऱ्याऐवजी स्पूलच चकत्यांत दाबलेला असतो, फरक एवढाच. मासा ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढायला लागला की स्पूल घसरून तंगूस सोडतो. पतंगात आपण ढील देतो ना, तीच ढील, फक्त हाताऐवजी यंत्राने दिलेली.

नवशिक्या माणसाची हमखास चूक म्हणजे मोठा मासा लागला की घाबरून घुंडी आवळणं. ड्रॅग काठावर, मासा लागायच्या आधी लावायचा आणि मग आवळायला हात लावायचा नाही. किती लावायचा? तंगुसाच्या ताकदीच्या चौथ्या भागाएवढा, फार तर तिसऱ्या. २० पौंडांच्या तंगुसाला पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलो. ताणकाटा नसेल तर दोन लिटरची पाण्याची बाटली घ्या, ती साधारण दोन किलोंची. गळ बाटलीच्या मानेला बांधा, रॉड मासा ओढताना धरतो तसा तिरपा वर धरा, आणि बाटली उचला. ती जमिनीवरून जेमतेम उठते न उठते तोच स्पूल कर्र करून घसरला पाहिजे. रॉड वाकवूनच मोजायचं, कारण वाकलेल्या रॉडच्या कड्यांवर तंगूस घासतो आणि तिथेही ताण वाढतो. सरळ रीलमधून हाताने ओढून "बरोबर आहे" म्हणणारे पुष्कळ पाहिले.

चौथाच भाग का, तीन भाग वाया का घालवायचे? ते वाया जात नाहीत. एक भाग गाठ खाते. एक भाग पाणी आणि घासणं. आणि एक भाग झटक्यासाठी लागतो, कारण थांबलेला स्पूल फिरायला लागायच्या क्षणी नेहमीपेक्षा जास्त जोर मागतो. ड्रॅगमध्ये धूळ किंवा वाळलेलं ग्रीस असेल तर हा झटका फारच वाढतो. म्हणून रील घरी ठेवताना घुंडी सैल करून ठेवा. मशीनचा प्रेशर फूट वर केला की टेन्शनच्या चकत्या मोकळ्या होतात, तसंच हे. महिनोन्‌महिने आवळून ठेवलेल्या नमद्याच्या चकत्या चपट्या होऊन चिकटतात, आणि मोसमातला पहिलाच मासा तंगूस तोडून जातो.

आणखी एक गोष्ट, जी मला बरीच उशिरा कळली. मासा लांब पळाला, स्पूलवरचा तंगूस कमी झाला, की ड्रॅग न आवळता आपोआप जड होतो. स्पूल भरलेला असताना वेटोळ्यांचा व्यास ४५ मिलिमीटर असेल आणि मासा पळून तो ३५ वर आला, तर दोन किलोंचा ड्रॅग अडीच किलोंच्या वर जातो. म्हणजे मासा जितका लांब, तितकी घुंडी उलट सैल करायला हवी. लोक नेमकं त्याच वेळी आवळतात.

स्पूल घसरत असताना हँडल फिरवू नका. तंगूस आत तर येतच नाही, वर प्रत्येक फेऱ्याला पीळ पडतो. रीलचं प्रमाण पाचास एक असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात पाच पीळ. कर्र आवाज येतोय तोवर गप्प धरून राहायचं. आवाज थांबला की रॉड हळू वर उचलायचा, आणि खाली आणता आणता हँडल फिरवून सैल झालेला तंगूस गुंडाळायचा. उचल, गुंडाळ, उचल, गुंडाळ. ओढायचं काम रॉडचं, गुंडाळायचं काम रीलचं. रॉड पाण्याशी अर्ध्या काटकोनाच्या आसपास ठेवा. माशाकडे सरळ रोखला तर रॉडची लवचीकता गेली, सगळा ताण तंगुसावर. डोक्यामागे नेला तर रॉडच मोडतो.

भाचा आणि बास

माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. तो मोबाइलवर अमेरिकेतल्या बास माशांचे व्हिडिओ बघून सगळं शिकला. ती माणसं चांगली आहेत, गाठी उत्तम दाखवतात, माझी पालोमरची गाठ त्याच्याकडूनच सुधारली. पण एका रविवारी हा पठ्ठ्या खिंडसीला आला तो १२ पौंडांची फ्लोरोकार्बन लाइन आणि प्लास्टिकचा बेडूक घेऊन. मरळ पकडायला.

लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला मासा. जगातला विक्रमी बास १९३२ साली जॉर्जियात धरलेला, २२ पौंड ४ औंसांचा, आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात त्याच तोलाचा दुसरा. म्हणजे दोन्ही दहा किलोंच्या आसपास. आपल्या धरणांत दहा किलोंचा कटला जाळ्यात येतो तेव्हा त्याला कोणी हार घालत नाही. पण मुद्दा वजनाचा नाही, स्वभावाचा आहे. बास पाण्याबाहेर उडी मारतो, तोंड उघडून डोकं झटकतो. म्हणून ते लोक सांगतात, उडी मारली की रॉडचं टोक खाली करा, तंगुसाला थोडी ढील मिळू द्या. बासचे दात कानशीसारखे बारीक खरबरीत, त्याने लाइन घासते पण एका घावात कापली जात नाही. त्याचा खालचा ओठ अंगठ्याने धरून ते त्याला उचलतातसुद्धा.

मरळीच्या तोंडात अंगठा घालू नका. तिला खरे, टोकदार दात असतात. आणि ती उघड्या पाण्यात लढत नाही. गळ लागला की थेट खाली, कमळाच्या देठांत, शिंगाड्याच्या वेलांत, नाहीतर काठाच्या बेशरमीच्या मुळांत. तिथे एकदा वेढा पडला की तुमचा ताण माशावर नाही, देठांवर जातो. भाच्याची पहिली मरळ सहा सेकंदांत गेली. टोक सरळ कापलेलं. दुसरी वेलांत, तिथे टोक खरखरीत. बिलबुकाची दोन पानं एका सकाळी भरली.

मरळीसाठी गणित उलटं करावं लागतं. ढील नाही, पहिल्याच पाच सेकंदांत तिला वेलांपासून फिरवायचं. त्यासाठी लाइनच वेगळी हवी. मी ४० पौंडांची ब्रेडेड लाइन वापरतो आणि पुढे गळाकडे हातभर जाड नायलॉनचा तुकडा, त्याला लीडर म्हणतात. ब्रेड म्हणजे अतिशय मजबूत पॉलिथिनच्या धाग्यांची वेणी. ३० पौंडांची ब्रेड साधारण ८ पौंडांच्या नायलॉनएवढीच जाड असते, ताणली जात नाही, वेलही कापते. ड्रॅग चार-साडेचार किलोंवर. पण तिचे नखरे आहेत. गुळगुळीत असल्याने स्पूलवर अख्खी वेटोळी गरगर फिरते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग बिघडला. म्हणून खाली आधी दहा-बारा मीटर नायलॉन गुंडाळायचा, त्यावर ब्रेड. साधा नायलॉन तिच्यावर आडवा घासला तर ती तापून जाते, म्हणून शेजारच्या माणसाच्या तंगुसात गुंतू देऊ नका. आणि अडकली तर हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, बोट कापतं. काठीला गुंडाळा, रॉड सरळ रोखा, मागे चालत जा.

ब्रेडला लीडर जोडायला मी दोन युनी गाठी समोरासमोर मारतो. नायलॉनच्या बाजूने पाच वेढे, ब्रेडच्या बाजूने आठ, कारण ब्रेड सरकते. दोन्ही ओल्या करून एकमेकींवर ओढायच्या.

बेडकावर मरळीने झडप घातली की लगेच झटका देऊ नका, दोन आकडे मोजा. तिला तोंड मिटू द्या. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून मधूनमधून वर येऊन पाणी फोडते. त्या जागा लक्षात ठेवल्या तर गळ कुठे टाकायचा ते कळतं. पावसाळ्यात मात्र पाण्यावर लालसर-केशरी बारीक पिल्लांचा गोळा हलताना दिसला, तर खाली आई-बाप राखण करत असतात. तिथे मी गळ टाकत नाही. कन्हानच्या त्या म्हाताऱ्यांनी टाकू दिला नसता.

शेवटचे दहा हात

मोठे मासे सगळ्यात जास्त सुटतात ते काठाजवळ, अगदी डोळ्यांसमोर. आणि त्याचं कारण साधं आहे. नायलॉन ताणला की वीसेक टक्के लांबतो. चाळीस मीटर बाहेर असेल तर सात-आठ मीटरचा रबर तुमच्या बाजूने आहे. मासा तीन मीटरवर आला की तोच रबर उरतो हात-सव्वा हात. त्यात माशाला माणूस दिसतो, जाळी दिसते, तो शेवटची मुसंडी मारतो, आणि झटका खायला काही उरलेलंच नसतं. म्हणून मासा दिसायला लागला की घुंडी पाव फेरा सैल करा, आणि गुडघे थोडे वाकवून रॉड पुढे द्यायची तयारी ठेवा. ब्रेडवर तर याहून जास्त सांभाळा, ती ताणतच नाही.

जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरायची. माशाच्या मागे धावायचं नाही. मासा थकून आडवा झाला, पोट दिसायला लागलं, की त्याला जाळीवर आणायचं, डोकं आधी. शेपटीकडून घातली जाळी तर तो पुढेच उसळतो. आणि ज्याच्या हातात रॉड, त्याने जाळी मागायची, ज्याच्या हातात जाळी त्याने बोलायचं नाही. आमच्याकडे चार जण ओरडत असतात, "घे घे, आता घे, अबे घे ना!" एक कटला मी त्या गोंधळातच घालवला.

जाळी नसेल तर उतरता, वाळूचा काठ बघा आणि माशाच्या हालचालीबरोबर मागे चालत त्याला सरकवत वर आणा. तंगुसाला धरून उचलू नका. पाण्यात मासा स्वतःचं वजन स्वतः उचलतो, तुम्ही फक्त त्याचा जोर झेलत असता. पाण्याबाहेर आला की अख्खं वजन, वर त्याची तडफड, सगळं एका गाठीवर, आणि मध्ये ना रॉड ना ड्रॅग. तीन किलोंची मरळ नऊ किलोंचा तंगूस अशीच तोडते.

रोहूचा ओठ मऊ असतो, तिथे तंगूस टिकतो पण गळ ओठ फाडून निघतो. ते दुःख वेगळं, बिलबुकात त्याचं टोक चिकटवता येत नाही. तिथेही उपाय हाच, सैल ड्रॅग आणि बाजूने ताण. रॉड उभा न धरता पाण्याला समांतर डावीकडे किंवा उजवीकडे वळवला की मासा फिरतो, लवकर दमतो.

गळ टाकायच्या आधी तलाव कोणत्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे ते विचारून परवानगी घ्या. आणि पेंच व्याघ्र प्रकल्पात, तोतलाडोहात गळ टाकायचा विचारही करू नका, तिथे मासेमारीला बंदी आहे. कापलेला तंगूस खिशात घेऊन परत या, काठावर फेकलेल्या तंगुसात बगळ्यांचे पाय अडकलेले मी सोडवले आहेत.

मासा काढल्यावर, दुसऱ्यांदा गळ टाकायच्या आधी शेवटचा हातभर तंगूस कापून गाठ नवीन मारायची. मोठ्या माशाने ती ओढून ओढून थकवलेली असते, दिसायला कितीही चांगली दिसो. भाच्याला गेल्या हिवाळ्यात अडीच किलोंची मरळ मिळाली, फोटो काढले, बहिणीला व्हिडिओ कॉल झाला. मी म्हटलं, गाठ बदल. म्हणाला, "मामा, नवीनच तर आहे, बघा ना." आणि तसाच बेडूक फेकला. दहा मिनिटांत दुसरी लागली, पहिलीपेक्षा मोठी. त्या तारखेच्या पानावर डुकराच्या शेपटीसारखं एक टोक चिकटवलेलं आहे आणि खाली त्याच्याच अक्षरात एक शब्द लिहिलाय, गाठ.